नाकातील तांबडा कोंब

मराठी भाषेने नाकाला जेवढा मान दिला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाला दिला असेल. नाक वर असणे, नाक कापले जाणे, नाक मुठीत धरणे, नाकाने कांदे सोलणे : आपल्या प्रतिष्ठेचे सारे चढउतार या एका अवयवाच्या आधाराने सांगता येतात. प्रत्यक्ष नाकाच्या दुखण्याकडे मात्र आपण तितक्याच सहजतेने दुर्लक्ष करतो. सर्दी-पडसे म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. घोळणा फुटला तर डोक्यावर गार पाणी थापायचे आणि कांदा फोडून हुंगवायचा. एक नाकपुडी महिनोन्महिने चोंदलेली राहिली, तर ‘हाड वाढले असेल’ म्हणून दिवस ढकलायचे. बहुतेक वेळा हे अंदाज बरोबरही ठरतात, आणि म्हणूनच जेव्हा ते चुकतात तेव्हा ती चूक लवकर ध्यानात येत नाही.

अशा चुकलेल्या अंदाजांमागे कधी कधी एक वेगळाच विकार दडलेला असतो. त्याचे नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. उच्चारायला अवघड असलेल्या या रोगाला सोपा मराठी प्रतिशब्द रूढ झालेला नाही. जगाच्या मोठ्या भागात कान-नाक-घसा तज्ज्ञांची संपूर्ण कारकीर्द संपते, तरी या रोगाचा एकही रुग्ण त्यांच्यासमोर येत नाही. छत्तीसगडमधील रायपूरच्या परिसरात मात्र तो डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. रायपूर येथे आढळलेल्या ४६२ रुग्णांचा आढावा घेणारा शोधनिबंध २००७ साली विकृतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाच शहरातून एवढी मोठी संख्या नोंदली जावी, ही गोष्ट या रोगाच्या संदर्भात लक्षणीय आहे.

रायपूर आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अंमलापासून मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि जुन्या शहराच्या आग्नेयेस नवा रायपूर ही आखीव राजधानी उभी राहू लागली. २०१२ साली राज्याचे मंत्रालय तेथील महानदी भवनात गेले. त्यामागोमाग कार्यालये गेली, वसाहती उठल्या, आणि बदलीच्या नोकरीतील अनेक कुटुंबांच्या पत्त्यावर हे नवे नाव आले. काही वर्षांनी ही मंडळी पुण्याला, मुंबईला किंवा आणखी कोठे जातात. सोबत सामान जाते, मुलांचे दाखले जातात. आणि क्वचित एखाद्याच्या नाकात, त्याच्या नकळत, तेथील पाण्याची एक आठवणही जाते.

छत्तीसगड हा तळ्यांचा प्रदेश आहे. तळ्याला तिकडच्या बोलीत ‘तरिया’ म्हणतात. एखाद्या जुन्या गावाचे वैभव सांगताना ‘छै आगर छै कोरी’ तलाव होते, असे सांगण्याची तेथे परंपरा आहे. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा मिळून १२६ तळी. खुद्द रायपुरात बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली अशी नावे आजही नांदती आहेत. नव्या राजधानीच्या आखणीतही सेंध आणि झांझ या जलाशयांना स्थान मिळाले आहे. भाताच्या या मुलखात तळे म्हणजे केवळ पाण्याचा साठा नव्हे. गावाची आंघोळ तेथे होते, धुणी तेथे धुतली जातात, दिवसभर राबलेल्या म्हशी संध्याकाळी त्याच पाण्यात डुंबतात. ऱ्हायनोस्पोरिडिओसिसच्या रुग्णांची चौकशी केली असता, अशा साचलेल्या आणि जनावरांशी सामायिक असलेल्या पाण्यात वर्षानुवर्षे केलेली आंघोळ हा धागा पुनःपुन्हा हाती लागतो. अर्थात वर दिलेली नावे केवळ प्रदेशाची ओळख पटावी म्हणून आहेत. त्यांपैकी कोणत्याही विशिष्ट तलावावर ठपका ठेवण्याचा येथे हेतू नाही.

रोगाची सुरुवात अगदी साधी असते. एकच नाकपुडी चोंदल्यासारखी वाटते. शेंबडात रक्ताची रेषा दिसते. नाक जरा जोराने शिंकरले, बोटाने साफ केले, की रक्त येते आणि थोड्या वेळाने थांबते. दुखणे जवळजवळ नसतेच. ताप नसतो, भूक मंदावत नाही, वजन घटत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याची निकड रुग्णाला भासत नाही आणि असे काही महिने, प्रसंगी काही वर्षेही निघून जातात. पुढे आरशात पाहताना नाकपुडीच्या तोंडाशी काही तरी तांबडे लोंबताना दिसते. कोंब मागच्या बाजूस वाढला तर तो घशात उतरतो, गिळताना अडखळते, झोपेत घोरणे वाढते. तरुण आणि मध्यम वयाच्या पुरुषांत हा विकार अधिक आढळतो. स्त्रिया आणि मुले यांना तो होत नाही असे मात्र नाही.

या कोंबाचे रूप फार बोलके असते. सर्दी-ॲलर्जीमुळे नाकात वाढणारे नेहमीचे कोंब फिकट, करडे, पाण्याने भरलेल्या द्राक्षासारखे दिसतात. त्यांना स्पर्श केला तरी सहसा रक्त येत नाही. शिवाय ते बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतात. याउलट ऱ्हायनोस्पोरिडिओसिसचा कोंब तांबडा किंवा जांभळट, खडबडीत पृष्ठभागाचा, पिकलेल्या तुतीसारखा किंवा स्ट्रॉबेरीसारखा असतो, आणि जरासा धक्का लागताच भळभळतो. त्याच्या पृष्ठभागावर बारीक पांढरट-पिवळसर ठिपके विखुरलेले असतात. स्ट्रॉबेरीची उपमा मुळात या ठिपक्यांमुळेच सुचली. ते ठिपके म्हणजे रोग निर्माण करणाऱ्या जीवाच्या पक्व कोषांची टोके होत. रोगजंतू म्हटले की तो डोळ्यांना न दिसणारा, अशी आपली समजूत असते. येथे तिला अपवाद आहे : पक्व कोष मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही मोठा असू शकतो, आणि तीक्ष्ण नजरेला तो भिंगाशिवायही जाणवतो.

या कोषाचा जीवनक्रम रंजक आहे. सुरुवातीला तो केवळ सहा ते दहा मायक्रॉनचा एक कण असतो. नाकाच्या आतील अस्तरात शिरून तो फुगू लागतो, भोवती जाड भिंत तयार करतो आणि आतल्या आत पुनःपुन्हा विभागत राहतो. पूर्ण वाढलेल्या एका कोषात हजारो बीजकण असतात. भिंतीला एके ठिकाणी छिद्र पडते, कण बाहेर सांडतात आणि त्यांतील काही शेजारच्या अस्तरात रुजतात. शस्त्रक्रियेनंतरही हा रोग पुनःपुन्हा का उद्भवतो, याचे उत्तर या सांडण्यातच आहे.

या जीवाच्या ओळखीचा इतिहासही वळणावळणांचा आहे. १९०० साली अर्जेंटिनातील ब्यूनोस आयर्स येथे गिलेर्मो सीबर यांनी नाकातील कोंबामुळे श्वास अडलेल्या एका तरुण शेतमजुराची हकीकत आपल्या प्रबंधात मांडली. १९०३ साली कलकत्त्यातील ओ’किनिली यांनी भारतातील रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि दोनच वर्षांनी मिंचिन व फँथम या संशोधकांनी त्या जीवाला ओ’किनिलींचे नाव दिले. पुढे १९२३ मध्ये एडिंबरोच्या जे. एच. ॲशवर्थ यांनी त्याचा जीवनक्रम तपशीलवार रेखाटला, तो बुरशीवर्गातील असल्याचे मत मांडले आणि नामकरणाचा मान सीबर यांच्याकडे गेला : ऱ्हायनोस्पोरिडियम सीबेरी. त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे पाठ्यपुस्तकांत हा रोग बुरशीच्या प्रकरणात शिकवला गेला. अडचण एवढीच होती की ही ‘बुरशी’ प्रयोगशाळेत कोणत्याही नेहमीच्या माध्यमावर वाढेना आणि बुरशीवरील औषधांनाही दाद देईना. १९९९-२००० च्या सुमारास तिच्या जनुकीय द्रव्याची तपासणी झाली तेव्हा उलगडा झाला. हा जीव बुरशी नसून, प्राणी आणि बुरशी यांच्या वाटा जेथे वेगळ्या होतात त्या वळणाजवळच्या एका पाणवासी सूक्ष्मजीवगटातील आहे. त्याचे जवळचे नातेवाईक माशांना आणि अन्य जलचरांना रोग देतात. तळ्याशी असलेले त्याचे नाते असे जनुकांतूनही सिद्ध झाले. अजूनही काही ठिकाणी या रोगाची ओळख ‘नाकातील बुरशी’ अशी करून दिली जाते. ती आता मागे टाकायला हवी.

मराठी वाचकांना या इतिहासातील आणखी एक पान जवळचे वाटेल. १९३३ साली नोरोन्हा यांनी पुण्यातील वाळू काढणाऱ्या कामगारांत आढळणाऱ्या ऱ्हायनोस्पोरिडिओसिसवर टिपण प्रसिद्ध केले. १९३७ मध्ये मंडलिक यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये या रोगाची लागण कशी होत असावी याविषयीची आपली निरीक्षणे मांडली. नदीच्या पात्रात उतरून वाळू उपसणाऱ्यांचे नाक-तोंड सतत गढूळ पाण्याशी येते, आणि वाळूचे कण नाकाच्या नाजूक अस्तराला बारीक ओरखडे पाडतात. जीवाला आत शिरण्यास तेवढी फट पुरते, असे आज मानले जाते. धडधाकट अस्तरातून तो सहसा आत जात नाही. एकाच तळ्यात शेकडो लोक आंघोळ करतात आणि त्यांतील मोजक्यांनाच रोग होतो, या कोड्याचे पूर्ण उत्तर विज्ञानाजवळ अजून नाही. परंतु ओरखड्याची ही गोष्ट त्या उत्तराचा एक भाग असावी. म्हणजे हा रोग केवळ दूरच्या छत्तीसगडचा नव्हे. जगातील बहुतांश रुग्ण भारत आणि श्रीलंका या दोन देशांतच आढळतात आणि त्यांत तमिळनाडू, केरळ, ओडिशा, पश्चिम बंगालचा पश्चिम भाग असे अनेक प्रदेश येतात. युरोपात एकच लक्षणीय उद्रेक नोंदला गेला आहे : १९९० च्या दशकाच्या आरंभी सर्बियात, आणि तोही एका सरोवरात पोहणाऱ्यांमध्येच.

येथे एक भीती दूर करणे आवश्यक आहे. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होत नाही. एकाच घरात दोघांना तो झाला, तर त्याचे कारण दोघांनी वापरलेले एकच पाणी हे असते. रुग्णाचे ताट-भांडे वेगळे काढणे, मुलांना त्याच्यापासून दूर ठेवणे यांपैकी कशाचीही गरज नाही. गाई-बैल, घोडे, कुत्रे यांच्या नाकांतही असे कोंब आढळतात. त्यांच्याकडून माणसाला थेट लागण होते असेही दिसत नाही. ती जनावरेही माणसांप्रमाणेच पाण्याची बळी असतात.

आता निदानाविषयी. सारे पुढचे उपचार त्याच्यावरच अवलंबून असल्याने याबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

निदानाची पहिली पायरी म्हणजे एक प्रश्न : ‘आपण कोठे राहिला होता आणि कोणत्या पाण्यात आंघोळ करीत होता?’ रायपूरच्या डॉक्टरांना हा प्रश्न सुचण्यासाठी प्रयास पडत नाहीत. मुंबईतील किंवा परदेशातील डॉक्टरांना तो सुचेलच असे नाही. कारण त्यांच्यासमोर बसलेला रुग्ण शहरी पेहरावातील नोकरदार असतो आणि त्याचे तळ्यातील पोहणे सात-आठ वर्षांपूर्वीचे असते. म्हणून विचारले नाही तरी रुग्णाने स्वतःहून हे सांगावे. बालपण कोणत्या गावी गेले, सुट्टीत आजोळी तळ्यात डुंबण्याची सवय होती काय, नदीपात्रात वाळूचे काम केले काय : हे तपशील नाकाच्या तक्रारीशी असंबद्ध वाटतील, पण या रोगाच्या बाबतीत तेच सर्वांत मोलाचे ठरतात.

दुसरी पायरी दुर्बिणीने नाकाच्या आतील तपासणीची. कोंब कोठून उगवला आहे, त्याचे देठ एक आहे की अनेक, तो मागे घशापर्यंत गेला आहे काय, हे त्यात दिसते. हा कोंब बहुधा नाकाच्या मधल्या पडद्यावर किंवा तळाशी उगवतो. पसारा मोठा असेल तर सीटी स्कॅन केला जातो. मात्र स्कॅनमध्ये आकार कळतो, प्रकार कळत नाही. नाकात तांबडे आणि रक्त येणारे वाढलेले मांस म्हणजे ऱ्हायनोस्पोरिडिओसिसच, असेही नव्हे. कुमारवयीन मुलांत रक्तवाहिन्यांची एक गाठ असे रूप घेते. ऱ्हायनोस्क्लेरोमा नावाचा जुनाट जिवाणूजन्य विकार आहे. काही सौम्य अर्बुदे आहेत, आणि प्रौढ वयात कर्करोगाची शक्यताही डोळ्यांआड करता येत नाही. एका बाजूचे नाक दीर्घकाळ चोंदलेले राहणे आणि त्यातून रक्त येणे, ही जोडी दिसली की तपासणी पुढे ढकलू नये, असे तज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाचा. काढलेल्या मांसाचा तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप घेतले जातात, रंगवले जातात आणि विकृतिशास्त्रज्ञ ते पाहतो. येथे संशयाला जागा क्वचितच उरते. जाड भिंतीचे, निरनिराळ्या वयांचे गोल कोष, काही रिकामे, काही बीजकणांनी गच्च भरलेले : असे दृश्य इतके वैशिष्ट्यपूर्ण असते की ते एकदा पाहिलेला विद्यार्थी सहसा विसरत नाही. हा जीव प्रयोगशाळेत वाढवता येत नसल्यामुळे आणि रक्ताची सोपी चाचणी प्रचलित नसल्यामुळे हा काप हाच निदानाचा आधार होय. साहजिकच नाकातून काढलेला कोणताही कोंब, तो कितीही साधा वाटला तरी, तपासणीसाठी पाठवलाच पाहिजे. तो कचऱ्याच्या पेटीत गेला, तर निदानही त्याच्याबरोबर गेले.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नासारोगांचे ३१ प्रकार सांगितले असून त्यांत नाकातील मांसांकुरांना ‘नासार्श’ म्हटले आहे. आजही अनेक घरांत नाकातील प्रत्येक वाढीला हेच नाव देऊन थेंब, नस्य, चूर्ण असे प्रयोग सुरू होतात. त्यांत एक धोका आहे. ॲलर्जीच्या कोंबावर स्टिरॉइडचा फवारा उपयोगी पडतो, तसा तो येथे पडत नाही. आणि दोरा बांधून, चिमट्याने ओढून कोंब उपटण्याचा गावठी उपाय तर निश्चितच घातक, कारण त्यात रक्तस्राव आवरत नाही आणि फुटलेल्या कोषांतील बीजकण आजूबाजूला पसरतात.

खरा उपचार शस्त्रक्रियेचा आहे. कोंब मुळापासून काढायचा आणि ज्या जागेवर तो उगवला होता ती जागा विजेच्या उपकरणाने डागायची, हे त्याचे सूत्र. दुर्बिणीच्या साह्याने हे काम पूर्वीपेक्षा अधिक नेमके होते. शस्त्रक्रियेनंतर काही डॉक्टर डॅप्सोन हे कुष्ठरोगावरील परिचित औषध काही महिने देतात. कोषांची वाढ पुरी होऊ न देणे आणि त्यांच्याभोवती तंतुमय ऊतक वाढवणे, असे त्याचे कार्य असल्याचे मानले जाते. हे औषध स्वतःच्या मनाने घेण्याजोगे मुळीच नाही. काही व्यक्तींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात उणीव असते, आणि त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने झपाट्याने नाश पावतात. म्हणून आधी रक्ततपासणी करावी लागते. छत्तीसगड आणि विदर्भ या पट्ट्यात सिकलसेलसारखे रक्ताचे आनुवंशिक विकारही पुष्कळ असल्याने रक्ताचा पूर्वेतिहास डॉक्टरांना सांगणे अधिकच गरजेचे ठरते.

एवढे करूनही रोग परतू शकतो. पहिल्या वर्षभरात परतला तर बहुधा मागे राहिलेल्या मुळातून. कधी कधी तर अनेक वर्षांनी. क्वचित तो नाकाबाहेरही जातो : पापणीच्या आतील अस्तरात, अश्रुपिशवीत, आणखी विरळा त्वचेखाली किंवा हातापायांत. डोळ्यातून रक्तमिश्रित पाणी येऊ लागले तर नाकाच्या जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख नेत्रतज्ज्ञांकडेही करावा. जिवावर बेतणारे प्रसंग अत्यंत विरळ आहेत. बहुतेकांच्या वाट्याला येतो तो त्रास, पुनःपुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि तिचा खर्च.

प्रतिबंधासाठी लस नाही. उपाय आहे तो पाण्याशी असलेल्या आपल्या वागणुकीत. आंघोळीसाठी नळाचे किंवा विहिरीतून शेंदलेले पाणी वापरणे, जनावरांचा घाट आणि माणसांचा घाट वेगळा ठेवणे, उथळ व गढूळ साचपाण्यात बुड्या न मारणे. ज्याला एकदा हा रोग झाला आहे त्याने तळ्यातील स्नान कायमचे सोडावे, असा सल्ला दिला जातो. पर्वणीच्या दिवशीची बुडी सोडणे अनेकांना जड जाते. तेव्हा घाटावर बसून तांब्याने पाणी घेण्याचा मध्यममार्ग काही जण स्वीकारतात. निदान नाकात पाणी तरी त्यामुळे जात नाही.

शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने सुरुवातीला काही महिन्यांच्या अंतराने आणि त्यानंतर वर्षातून एकदा तरी दुर्बिणीने नाक तपासून घ्यावे. बदलीच्या नोकरीत डॉक्टर बदलतात, म्हणून रुग्णालयातून मिळालेला गोषवारा आणि विकृतिशास्त्राचा अहवाल या दोन कागदांची मूळ प्रत जपून ठेवावी. आरोग्यविम्याच्या दाव्यासोबत द्यायची झाल्यास छायाप्रत स्वतःजवळ राहू द्यावी. अहवालाचा दिनांक आणि तुकड्याचा नोंदणी क्रमांक कागदावर असतो. तो क्रमांक सांगितल्यास मेणाचा मूळ ठोकळा आणि काचपट्टी प्रयोगशाळेकडून मागवता येतात, कारण प्रयोगशाळा त्या काही वर्षे जतन करून ठेवतात; आणि नव्या गावातील डॉक्टरांना शंका आल्यास जुना काप नव्याने पाहता येतो.